ताराबाई शिंदे

वऱ्हाडातील बुलढाणा येथे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत बापूजी हरी शिंदे नावाचे कारकून होते. सन १८५० च्या सुमारास त्यांना एक कन्या झाली. तिचे नाव ताराबाई. मुलींना शिकविण्याची त्या काळी रीत नव्हती. परंतु बापूजी सुधारक विचारांचे होते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे ते सभासद झाले होते. त्यांनी मुलीस मराठी, संस्कृत व इंग्रजी या भाषा शिकविल्या. पुढे ताराबाईंचे लग्न झाले. पण जावई घरजावई असल्यामुळे त्या माहेरीच राहिल्या.

१८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर खटला झाला. लोकनिंदेच्या भयाने तिने आपल्या तान्ह्या बालकाचा जीव घेतला होता. तिला फाशीची शिक्षा सांगण्यात आली. वरच्या न्यायालयाने ती कमी करून काळ्या पाण्याची केली खरी. परंतु वर्तमानपत्रांतून सर्वच स्त्रियांच्या नावाने बोटे मोडली जाऊ लागली. त्या अभागिनीवर ही पाळी कोणी आणली, हे मात्र कोणी विचारीना!

ताराबाईंना हा अन्याय सहन झाला नाही. त्यांनी लेखणी उचलली आणि १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक छापून प्रसिद्ध केले. प्रती पाचशे व किंमत नऊ आणे. स्त्रियांना जे जे दोष लावतात, ते एकेक घेऊन ते पुरुषांत किती आहेत, हे त्यांनी दाखविले. बायको वारताच पुरुषाने दुसरे लग्न करावे आणि विधवेने मात्र जन्मभर कोपऱ्यात बसावे, हा कोठला न्याय, असे त्यांनी खडसावून विचारले. पतीसाठी यमामागे जाणारी सावित्री सर्वांना ठाऊक आहे. पण पत्नीसाठी त्या वाटेने गेलेला पुरुष कोणी ऐकला आहे काय, हा त्यांचा प्रश्न तर बिनतोडच होता. भाषा घरगुती, पण धारदार.

पुस्तकावर टीका झाली. सत्यशोधक मंडळींपैकीही काहींना ते रुचले नाही. तेव्हा जोतीरावांनी १८८५ साली 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली. एवढ्या पाठबळानंतरही पुस्तक हळूहळू विस्मृतीत गेले. ताराबाईंनी दुसरे पुस्तक लिहिले नाही. १९१० च्या सुमारास त्या वारल्या, तेव्हा त्यांचे नावही फारसे कोणास आठवत नव्हते.

अशी गत परदेशांतील लेखिकांचीही झाली आहे. अमेरिकेत रिबेका हार्डिंग डेव्हिस या बाईंनी लोखंडाच्या कारखान्यातील मजुरांवर १८६१ साली लिहिलेली कथा लोक विसरून गेले होते; ती १९७२ साली पुन्हा पुस्तकरूपाने छापली गेली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७५ साली, संशोधक स. गं. मालशे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' नव्याने प्रसिद्ध केले. मूळ पुस्तकास तेव्हा त्र्याण्णव वर्षे होऊन गेली होती. १९९४ साली रोझलिंड ओहॅन्लन या इंग्रज विदुषीने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले, आणि बुलढाण्याच्या घरात लिहिलेले ते पुस्तक साता समुद्रांपलीकडे वाचले जाऊ लागले.