नेटवर्कची नाडीपरीक्षा करणारे माइक मूस

नेटवर्क मंदावले की तंत्रज्ञ आधी ‘पिंग’ चालवतो. अमेरिकी संशोधक माइक मूस यांनी हा प्रोग्रॅम डिसेंबर १९८३ मध्ये मेरीलँडमधील अॅबर्डीनच्या लष्करी प्रयोगशाळेत एका रात्रीत लिहिला. तेथील नेटवर्क विचित्र वागत होते. नाव सोनारच्या आवाजावरून पडले. क्रमांक घातलेली छोटी पाकिटे धाडायची. ज्या क्रमांकाचे उत्तर येत नाही, ते पाकीट किंवा त्याचे उत्तर वाटेत हरवले असे समजायचे. एका पठ्ठ्याने तर प्रत्येक उत्तरासरशी संगणकाला मोठ्याने ‘पिंग’ म्हणायला लावून, एकेक जोड हलवत सदोष केबल हुडकली होती.

मात्र हलके पिंग सुखरूप परतते आणि मोठी फाइल निघताच वाटेतला राउटर तुंबून पाकिटे टाकून देतो, असेही घडते. टीसीपी ती मुकाट्याने पुन्हा पाठवत असल्याने गळती दिसत नाही, नुसता वेग घसरतो. यावर मूस आणि टेरी स्लॅटरी यांनी १९८४ च्या सुमारास ‘टीटीसीपी’ लिहिले. त्यात मार्गावर मुद्दाम भार टाकून प्रत्यक्ष वेग मोजायचा. यूडीपीने पाठवलेले आणि पोहोचलेले बाइट जुळले नाहीत, तर फरक म्हणजेच गळती. प्रसिद्धी पिंगला लाभली, पण निदानाच्या दृष्टीने हे काम कमी मोलाचे नव्हे.

२० नोव्हेंबर २००० रोजी मेरीलँडमध्येच मोटार अपघातात मूस यांचे निधन झाले. ते अवघे ४२ वर्षांचे होते.