बुद्धिबळपटू सुलतान खान

बुद्धिबळ हा खेळ मूळचा आपल्या देशातला. प्राचीन काळी त्याला चतुरंग असे म्हणत. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे पटावर मांडून तो खेळला जाई. भारतातून हा खेळ इराणात गेला, तेथून अरबांच्या देशांत आणि पुढे युरोपात पोहोचला. मुलूख बदलला की माणसाचा वेष बदलतो, त्याप्रमाणे या खेळाचे नियमही ठिकठिकाणी बदलत गेले. पुढे शेकडो वर्षांनी भारतातील एक तरुण युरोपात गेला आणि तिकडच्याच नियमांनी खेळून त्याने तेथील नामांकित खेळाडूंना जिंकले. त्या तरुणाचे नाव सुलतान खान.

सुलतान खान यांचा जन्म विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबातील मिठा टिवाणा या गावी झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. त्यांचे वडील मियाँ निजामुद्दीन यांनी त्यांना वयाच्या सुमारे नवव्या वर्षी बुद्धिबळ शिकवले. मुलाची या खेळात विलक्षण गती होती. जवळच्या सरगोधा शहरात जाऊन तो मोठमोठ्या माणसांशी डाव मांडू लागला. एकविसाव्या वर्षी तर पंजाबातील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून त्याची ख्याती झाली. सर उमर हयात खान टिवाणा या श्रीमंत जमीनदारांनी त्याचे गुण हेरले, त्याला आश्रय दिला आणि युरोपीय पद्धतीचा खेळ शिकवण्याची व्यवस्था केली.

ही नवी पद्धत शिकणे सोपे नव्हते. आपल्याकडच्या देशी खेळात प्यादे पहिल्या चालीत एकच घर पुढे सरके; युरोपीय खेळात ते दोन घरे जाऊ शकते. देशी खेळात राजाला एकदा घोड्याप्रमाणे उडी मारता येई. युरोपीय खेळात त्याऐवजी राजा व हत्ती यांनी मिळून किल्लेकोट करायचा असतो. आठव्या घरी पोहोचलेल्या प्याद्याचे कोणते मोहरे व्हावे, याचेही नियम निरनिराळे होते. देशी खेळ सावकाश चाले. दोन्ही सैन्ये संथपणे आपापली मांडणी करीत आणि मगच लढाईस तोंड लागे. युरोपीय खेळात मात्र पहिल्या काही चालींतच चकमक सुरू होई, आणि त्या आरंभीच्या चालींवर तिकडे मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले होते. सुलतान खानांनी त्यांतील एकही ग्रंथ अभ्यासला नव्हता. तरीही १९२८ साली दिल्लीस झालेल्या अखिल भारतीय स्पर्धेत त्यांनी नऊपैकी आठ डाव जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि अजिंक्यपद मिळवले.

१९२९ साली सर उमर यांच्याबरोबर ते इंग्लंडला गेले. तेथील भाषा त्यांना येत नव्हती. बोलण्यासाठी दुभाषा लागे. हवाही मानवली नाही. हिवतापाने आणि सर्दी-पडशाने ते वारंवार आजारी पडत. घसा सुजल्यामुळे गळ्याभोवती पट्टी गुंडाळूनच ते कित्येकदा पटासमोर बसत. लंडनमधील पहिल्याच लहानशा स्पर्धेत त्यांना शेवटच्या क्रमांकांत समाधान मानावे लागले. पण ते खचले नाहीत. विंटर आणि येट्स या इंग्रज खेळाडूंजवळ बसून त्यांनी आरंभीच्या चालींचा थोडाफार अभ्यास केला आणि रॅम्सगेट येथील ब्रिटिश अजिंक्यपदाच्या स्पर्धेत भाग घेतला. ती स्पर्धा त्यांनी जिंकली. भारतातून येऊन काही महिनेच झालेल्या या अबोल तरुणाने इंग्लंडमधील सर्व खेळाडूंना मागे टाकलेले पाहून लोक थक्क झाले.

डावाच्या आरंभी सुलतान खान नेहमीच थोडे चाचपडत. पुस्तकांतील चाली पाठ असलेला प्रतिस्पर्धी त्यांना अडचणीत आणी. परंतु डाव जसजसा पुढे सरके, तसतसे त्यांचे खरे सामर्थ्य प्रकट होई. डावाच्या अखेरीच्या खेळात तर जगातील पहिल्या दोन-तीन खेळाडूंत त्यांची गणना होत असे.

अखेरीचा खेळ म्हणजे काय, हे येथे समजून घेतले पाहिजे. वजीर, हत्ती, उंट, घोडे यांपैकी बरीच मोहरी मारली जातात आणि पटावर मोजकीच उरतात. आतापर्यंत कोपऱ्यात दडून बसलेला राजा स्वतः मैदानात उतरतो. ज्याला आरंभी कोणी मोजत नाही, ते प्यादे आता मोलाचे ठरते. कारण आठव्या घरी पोहोचले की त्याचा वजीर होऊ शकतो.

समजा, एका बाजूस राजा व एक प्यादे आहे आणि दुसऱ्या बाजूस नुसता राजा आहे. नवशिका खेळाडू प्यादे घाईघाईने पुढे दामटतो. त्याचा राजा मागे राहतो, समोरचा राजा प्याद्याची वाट अडवून उभा राहतो, आणि हाती आलेला डाव पुष्कळदा बरोबरीत सुटतो. जाणता खेळाडू आधी राजाला पुढे नेतो, वाट मोकळी करतो आणि मागाहून प्यादे चालवतो. दोन्ही राजे मध्ये एकच घर सोडून समोरासमोर आले, की कोणालाच पुढे पाऊल टाकता येत नाही. अशा वेळी ज्याच्यावर चाल करण्याची पाळी येते, त्याला बाजूला सरावे लागते. जुन्नर, आंबेगाव परिसरातील मुलांना नाणेघाटाची चिंचोळी खिंड ठाऊक असेल. प्राचीन काळी कोकणातून माल घेऊन येणारे तांडे त्या वाटेने जुन्नरला येत. अशा अरुंद वाटेवर लादलेले दोन बैल समोरासमोर आले, तर त्यांतील एकाने मागे हटल्याखेरीज दुसऱ्याला वाट मिळत नाही. पटावरील दोन राजांचीही तीच गत होते. फरक एवढाच, की पटावर कोणी मागे हटायचे हे दांडगाईने ठरत नाही. ते हिशोबाने ठरते. आणखी चार चालींनी पाळी कोणावर येईल, हे ज्याने आधीच मोजलेले असते, त्याला वाट मिळते.

निवडक स्थिती पटावर मांडून त्या सोडवण्याचा अभ्यास आपल्याकडे जुना आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी संस्कृत ग्रंथावरून तयार केलेले अशा स्थितींचे इंग्रजी पुस्तक १८१४ साली मुंबईत प्रसिद्ध झाले होते. देशी खेळात प्याद्याने केलेली मात विशेष मानाची समजली जाई. तेव्हा एकेका प्याद्याचे मोल जाणून शांतपणे खेळणे, हे देशी पटावरच वाढलेल्या सुलतान खानांच्या अंगवळणी पडले असल्यास नवल नाही.

या शांतपणाची परीक्षा १९३० च्या अखेरीस हेस्टिंग्ज येथे झाली. तेथे त्यांची गाठ क्यूबाच्या कापाब्लांकाशी पडली. कापाब्लांका हे १९२१ ते १९२७ पर्यंत जगज्जेते होते, आणि अखेरीच्या खेळातील त्यांचे प्रभुत्व सर्वमान्य होते. सुलतान खानांनी कोणताही चमत्कार करून दाखवला नाही. त्यांनी एकेका चालीने प्रतिपक्षाच्या मोहऱ्यांची जागा कमी करीत नेली आणि ६५ चालींनंतर हा डाव जिंकला. स्वतः कापाब्लांका यांनी पुढे त्यांच्या प्रतिभेचा मुक्तकंठाने गौरव केला.

१९३१ साली त्यांनी तार्ताकोव्हर या बलाढ्य खेळाडूला बारा डावांच्या सामन्यात हरवले. त्याच वर्षी प्राग येथील ऑलिंपियाडमध्ये ते इंग्लंडच्या संघात पहिल्या पटावर खेळले. तेथील सतरा डावांपैकी त्यांनी आठ जिंकले, सात बरोबरीत सोडवले आणि केवळ दोन गमावले. फ्लोर आणि रुबिनस्टाइन यांना त्यांनी हरवले. तत्कालीन जगज्जेते अलेखिन यांच्याशी बरोबरी साधली. १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद पुन्हा त्यांनाच मिळाले. १९३३ साली महिलांचे ब्रिटिश अजिंक्यपदही सर उमर यांच्याच परिवारातील फातिमा या तरुणीने जिंकले.

१९३३ च्या अखेरीस सर उमर स्वदेशी परतले आणि त्यांच्याबरोबर सुलतान खानही परतले. १९३५ साली खाडिलकर या मराठी खेळाडूशी त्यांचा दहा डावांचा सामना झाला. त्यांपैकी नऊ डाव त्यांनी जिंकले. एका डावात मात्र खाडिलकरांनी त्यांना बरोबरीत रोखले. त्यानंतर सुलतान खान मोठ्या स्पर्धांत दिसले नाहीत. स्पर्धांसाठी देशोदेशी जाण्याची साधने त्यांच्यापाशी नव्हती, आणि त्यांचे आश्रयदाते १९४४ साली निवर्तले. उरलेले आयुष्य त्यांनी आपल्या मुलखात शेतीवाडी पाहत काढले. मुलांना त्यांनी बुद्धिबळात तरबेज केले नाही. आयुष्यात याहून उपयोगी असे काही करा, असा उपदेश ते त्यांना करीत, असे सांगतात. ज्याने जगज्जेत्याला नमवले, त्याला या खेळाने स्थिर भाकरी दिली नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या उपदेशातील खेद कळतो.

१९५० साली जागतिक बुद्धिबळ संघटनेने ग्रँडमास्टर ही पदवी सुरू केली. तार्ताकोव्हर, रुबिनस्टाइन आणि फ्लोर यांना ती मिळाली. त्यांना हरवणाऱ्या सुलतान खानांचे मात्र कोणाला स्मरण झाले नाही. २५ एप्रिल १९६६ रोजी सरगोधा येथे क्षयाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. पुढे २०२४ साली त्याच संघटनेने त्यांना मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर म्हणून गौरवले. हा मान पाहण्यास ते उरले नव्हते. परंतु त्यांचे डाव उरले आहेत. घाई न करता, एकेक घर जिंकत शेवटापर्यंत कसे जावे, हे आजही देशोदेशीचे विद्यार्थी ते डाव पटावर मांडून शिकत असतात.