वाल्डेमार हाफकिन : प्लेगची लस आणि संमतीचा प्रश्न

ऑपरेशनच्या आधी संमतीपत्र तुमच्यासमोर येते. काहीजण त्यातली प्रत्येक ओळ वाचतात. काहीजण न वाचताच सही करून सगळे डॉक्टरांवर सोपवतात, तर काहींना घरच्यांशी बोलल्याशिवाय काहीच ठरवायचे नसते. यातली तुमची पद्धत कोणतीही असो, मुंबईच्या हाफकिन संस्थेला ज्यांचे नाव आहे, त्यांचे आयुष्य तुम्हाला उपयोगी पडेल.

स्वतःवर पहिला प्रयोग

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ते जीवाणुशास्त्रज्ञ होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये काम सुरू करून काही महिन्यांत लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी दुखले, पण ते सुखरूप राहिले.

तुरुंगातली संमती

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या जवळपास निम्म्या कैद्यांनी लस घेतली, बाकीच्यांनी घेतली नाही. लस घेतलेल्यांमध्ये प्लेग कमी झाला आणि लसीचा उपयोग दिसून आला.

हे कैदी स्वेच्छेने पुढे आले, अशी नोंद आहे. तरी विचार करा : तुरुंगात असलेला माणूस नाही म्हणायला किती मोकळा असतो? म्हणूनच आजच्या संशोधनाच्या नियमांत कैद्यांना विशेष संरक्षण दिले जाते.

सक्ती की विश्वास?

त्या काळात सरकार घरोघर झडत्या घेत होते, आजाऱ्यांना जबरदस्तीने हलवत होते. लोक घाबरले, रुग्ण लपवू लागले. हाफकिन यांचा भर मात्र लस ऐच्छिक ठेवण्यावर होता. तरुण आगाखान यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली, तेव्हा खोजा समाजातले हजारो लोक लस घ्यायला पुढे आले. आपल्या विश्वासातल्या माणसाला विचारून ठरवणे, ही लोकांची रीत तेव्हाही होती.

मलकोवालची दुर्घटना

१९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावात एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पदावरून दूर केले गेले. बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, असे पुराव्यांवरून पुढे आले. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मांडली आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. नंतर काही वर्षे त्यांनी कोलकात्यात काम केले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ सालीच त्यांचे नाव देण्यात आले होते.

चांगल्या लसीतही हाताळणीची चूक जीव घेऊ शकते. म्हणून फायद्याबरोबर धोकाही आधी सांगितला गेला पाहिजे.

तुमच्यासाठी

सही करण्यापूर्वी एवढे जरूर विचारा :

- हा उपचार आहे की संशोधन?
- फायदा काय, धोका काय, दुसरा पर्याय कोणता?
- मी नाही म्हटले तर माझ्या नेहमीच्या उपचारावर परिणाम होईल का?
- संशोधनातून मधेच बाहेर पडता येईल का?
- काही त्रास झाल्यास जबाबदारी कोणाची?

तुम्हाला सगळा तपशील हवा असेल तर तसे सांगा. थोडक्यात ऐकायचे असेल, किंवा मुलीला, भावाला सोबत बसवायचे असेल, तर तेही सांगा. समजत नसेल तर मराठीत समजावून द्यायला सांगा, तातडी नसेल तर एक दिवस मागा. घरचे सल्ला देतील, पण तुम्ही शुद्धीवर असाल आणि समजून घेऊ शकत असाल, तर निर्णय तुमचाच. संशोधनात तर नाही म्हणण्याचा हक्क शेवटपर्यंत तुमच्याकडेच राहतो, सही केल्यानंतरही.