इब्री, इस्राएली, यहूदी : प्रेषित पौलाच्या तीन ओळखी

पौल यहूदी होता, इस्राएली होता की इब्री, हा प्रश्न शब्बाथशाळेतील मुले हमखास विचारतात. तो तिन्ही होता. परंतु हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे नव्हेत.

किलिकियातील तार्स या विद्येच्या शहरी शौलाचा जन्म झाला. तो जन्मतःच रोमी नागरिक, भोवतालची भाषा ग्रीक. तरीही फिलिप्पैकरांना लिहिताना तो स्वतःला इब्र्यांचा इब्री म्हणवतो. हा शब्द तिहींत जुना. शास्त्रात तो प्रथम अब्रामाला लावलेला आढळतो. पुढे परक्यांपुढे ओळख देताना तो येई, जसे योनाने खलाशांना सांगितले. पौलाच्या काळी त्यात भाषेचाही अर्थ होता. परमुलखात राहूनही त्याच्या घराने पूर्वजांची बोली सोडली नव्हती.

यहूदी हा शब्द यहूदा वंशावरून आला. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास उत्तरेचे इस्राएल राज्य बुडाले, ५८६ च्या सुमारास यरुशलेमही पडले. उरलेले बहुतेक यहूदा राज्यातले, म्हणून पुढे सर्वांनाच हे नाव पडले. मर्दखय बन्यामिनी असून यहूदी म्हणवला गेला. पौलही बन्यामीन वंशाचाच!

यरुशलेमात तो गमलिएलाच्या पायाशी शिकला, स्तेफनाच्या वधाला संमत झाला आणि दिमिष्काच्या वाटेवर प्रभूने त्याला गाठले. तेथे शौलाचा पौल झाला असे आपण शिकवतो, ते मात्र बरोबर नाही. पौल हे नाव शास्त्रात प्रथम कुप्र बेटावरील हकिकतीत येते आणि तेथेही त्याला दोन्ही नावे होती एवढेच कळते. त्याने आपले लोकही टाकले नाहीत. सभास्थानाच्या शिस्तीप्रमाणे एकोणचाळीस फटके त्याने पाच वेळा सोसले. नाते तोडले असते तर ते चुकवता आले असते.

इ. स. ५१ च्या सुमारास करिंथात गल्लियो सुभेदाराने त्याच्यावरील फिर्याद शब्दांचा व नावांचा वाद म्हणून झिडकारली. रोमी अधिकाऱ्याला तसेच वाटणार. पण यरुशलेमात पकडला गेला तेव्हा पौलाने सरदाराला आपण तार्सचा यहूदी असल्याचे सांगितले आणि लगेच जमावाशी तो इब्री भाषेत बोलला.

इस्राएल हे नाव याकोबाला पनिएल येथे देवाकडून मिळाले. करार, नियमशास्त्र, वचने यांचे हे नाव. (कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने हेच नाव जपले.) रोमकरांस पत्र लिहिताना, आपल्या बांधवांसाठी स्वतः शापित व्हायलाही तयार असलेला पौल त्यांना याच नावाने संबोधतो.

पुढे रोमला बंदिवान म्हणून पोहोचल्यावर तीनच दिवसांनी त्याने तेथील यहूद्यांच्या पुढाऱ्यांना बोलावून घेतले. हातातील साखळी दाखवून, ती इस्राएलाच्या आशेमुळे पडली आहे, असे त्याने त्यांना सांगितले.