दूरच्या आपत्तीची भीती मोजणारे कॅन्ट्रिल

चारठाणा (जि. परभणी) : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी परिसर उद्ध्वस्त केला. प्राचीन मंदिरांसाठी ओळखले जाणारे जिंतूर तालुक्यातील हे गाव तेथून दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. इतक्या दूरच्या गावांपर्यंत ती आपत्ती पुढे कित्येक दिवस पोहोचत राहिली, ती वर्तमानपत्रांतील छायाचित्रांतून आणि दूरदर्शनच्या पडद्यावरून. ज्याचे घर शाबूत आहे त्याच्या मनात शिरलेल्या भीतीचे माप कसे काढायचे? या प्रश्नाला प्रथम हात घालणाऱ्यांत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅडली कॅन्ट्रिल यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

१९०६ मध्ये यूटा राज्यातील हायरम गावी त्यांचा जन्म झाला. हार्वर्ड विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवल्यावर त्यांनी गॉर्डन ऑलपोर्ट यांच्यासह रेडिओच्या मानसशास्त्रावर ग्रंथ लिहिला (१९३५) आणि पुढे ते प्रिन्स्टन विद्यापीठात दाखल झाले. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री ऑर्सन वेल्स यांनी मंगळवासीयांच्या आक्रमणाचे नभोनाट्य बातमीपत्राच्या थाटात सादर केले. योगायोग असा, की नाट्यातील मंगळवासी उतरले ते प्रिन्स्टनजवळच्याच ग्रोव्हर्स मिल येथे!

कॅन्ट्रिल यांनी १३५ श्रोत्यांच्या सविस्तर मुलाखतींचा अभ्यास केला. मुलाखतींच्या कामात मोलाचा वाटा असलेल्या हर्टा हर्झोग आणि हेझल गॉडेट यांची नावे ग्रंथावर साहाय्यक म्हणूनच आली, हे खटकते. सुमारे ६० लाख श्रोत्यांपैकी १२ लाख घाबरले, असा अंदाज १९४० च्या त्या ग्रंथात मांडला गेला. भीतीपेक्षाही महत्त्वाचे होते ते तिचे कारण. दुसरे केंद्र लावून पाहणारे, वर्तमानपत्रातील कार्यक्रमपत्रिका तपासणारे श्रोते लवकर सावरले. ज्यांनी पडताळणीच केली नाही, ते भीतीच्या अधीन झाले.

मात्र मापातच खोट होती. मुलाखती न्यू जर्सी या एकाच राज्यातल्या आणि मुलाखत दिलेल्यांपैकी बहुतेक जण घाबरल्याचे आधीच ठाऊक असल्याने निवडलेले. देशभर हाहाकार माजल्याच्या बातम्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनीच फुगवल्या होत्या, असे नंतरचे संशोधक दाखवून देतात. वृत्तपत्रात काम करणाऱ्याने हे मान्य केलेलेच बरे. प्रश्न तरीही खोटा ठरला नाही. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटांनंतरच्या आठवड्यात रोज सहा तास वा अधिक वृत्तांकन पाहणाऱ्यांत तीव्र ताणाची लक्षणे घटनेची प्रत्यक्ष झळ बसलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. त्या पाहणीत ४,६७५ प्रौढ सहभागी होते.

१९४० मध्ये कॅन्ट्रिल यांनी प्रिन्स्टन येथे लोकमत संशोधन केंद्र स्थापन केले. युद्धकाळात अध्यक्ष रूझवेल्ट त्यांच्या चाचण्यांचा आधार घेत. पुढे माणसाने आपल्या आयुष्याला कोणत्या पायरीवर ठेवायचे, हे विचारणारी शिडी त्यांनी तयार केली. त्या शिडीचा प्रश्न भारतातील स्त्री-पुरुषांनाही विचारला गेला आणि त्यांच्या आशा-चिंतांची नोंद १९६५ च्या ग्रंथात झाली. २८ मे १९६९ रोजी प्रिन्स्टन येथे कॅन्ट्रिल यांचे निधन झाले. दरवर्षीच्या जागतिक आनंद अहवालात देशांचा क्रम आजही त्याच शिडीवरून लावला जातो.