विषारी वायू सोडायला काही मिनिटं लागली, ती घाण निस्तरायला शंभर वर्षंही पुरली नाहीत

शेतात युरियाची गोणी रिकामी करताना फ्रिट्झ हाबर हे नाव कुणाच्या डोक्यात येत नाही. पण हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची युक्ती याच जर्मन शास्त्रज्ञाची. १९०९ साली त्यांनी ती करून दाखवली. आजही युरिया त्याच वाटेने बनतो.

मग १९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं आणि हाबर यांनी आपली प्रयोगशाळा सैन्याच्या कामाला जुंपली. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ त्यांच्या देखरेखीखाली सुमारे १५० टन क्लोरीन शत्रूच्या खंदकांवर सोडला गेला. दहा दिवसांनी त्यांच्या पत्नी क्लारा यांनी आयुष्य संपवलं. त्याही रसायनशास्त्रज्ञ होत्या. हाबर मात्र लगेच पुढच्या आघाडीवर निघून गेले.

क्लोरीन वाऱ्यावर विरून गेला. पण त्यामागून मस्टर्ड गॅसचे आणि आर्सेनिकयुक्त विषाचे तोफगोळे आले. ते असे विरणारे नव्हते.

१९१८ ला जर्मनी हरला. उरलेले गोळे उत्तर जर्मनीत मुन्स्टरजवळ ब्रेलो इथं साठवलेले होते. २४ ऑक्टोबर १९१९ ला तिथं दारूगोळ्याच्या रेल्वेगाडीत स्फोट झाला आणि विषारी गोळे आसपासच्या माळावर विखुरले. पुढच्याच महिन्यात हाबर यांना अमोनियासाठी नोबेल जाहीर झालं!

ब्रेलोच्या सफाईचं काम हाबर यांचे युद्धातले सहकारी ह्युगो स्टोल्त्सेनबर्ग यांना मिळालं. पण त्यांनी पुढे विषारी वायूंचाच धंदा थाटला. १९२८ मध्ये हॅम्बुर्गमधल्या त्यांच्या कारखान्यातली फॉस्जिनची टाकी फुटली आणि किमान १० जणांचा जीव गेला.

हाबर जन्माने ज्यू. १९३३ ला नाझी सत्तेवर आले आणि ज्या देशासाठी त्यांनी हे सगळं केलं, तोच त्यांना सोडावा लागला. २९ जानेवारी १९३४ ला स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथं ते वारले.

आज मुन्स्टरमध्येच जर्मन सरकारची कंपनी हे जुने गोळे नष्ट करते. मस्टर्ड गॅस भट्टीत जाळला की त्याचा रेणू तुटतो, विष संपतं. आर्सेनिकचं तसं नाही. ते मूलद्रव्य आहे, कितीही जाळलं तरी आर्सेनिकच राहतं. म्हणून दूषित माती आधी धुतात आणि त्यातला विषारी गाळ वितळवून काचेसारखा घट्ट करतात. मग ते विष पाण्यात उतरत नाही.

हाबर यांना जाऊन ९० वर्षं उलटली. मुन्स्टरमधलं काम अजून चालूच आहे.