काहाल यांनी खुला ठेवलेला निवाडा

मेंदूस वा मज्जारज्जूस झालेली इजा भरून येत नाही, हा वैद्यकाचा जुना अनुभव. या अनुभवास शास्त्रीय आधार देणारा संशोधकच तो निवाडा अखेरचा मानावयास तयार नव्हता, ही लक्षणीय गोष्ट होय. त्या संशोधकाचे नाव सांतियागो रामोन इ काहाल.

स्पेनमधील एका खेड्यात १८५२ साली जन्मलेल्या काहाल यांना चित्रकार व्हावयाचे होते. शल्यवैद्य असलेल्या वडिलांनी त्यांना न्हाव्याकडे व चांभाराकडे उमेदवारीस ठेवले, पुढे शरीररचना शिकवून वैद्यकाकडे वळविले. चित्रकाराचा हात मात्र वाया गेला नाही. इटलीच्या गॉल्जी यांची रौप्यरंजनाची पद्धत त्यांनी १८८७ साली पाहिली, सुधारली, आणि मज्जासंस्था हे अखंड जाळे नसून प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे, हे रेखाटनांनिशी दाखविले. स्पॅनिशमधील ते संशोधन युरोपात कोणी वाचीना. तेव्हा १८८९ साली पदरमोड करून ते बर्लिनला गेले व सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या ठेवून त्यांनी पंडितांची खात्री पटविली. १९०६ चे नोबेल पारितोषिक त्यांना गॉल्जींसमवेत मिळाले. गॉल्जींनी मात्र आपल्या नोबेल व्याख्यानातही या सिद्धान्तास विरोधच केला.

वाढत्या तंतूचे शंकूसारखे टोक काहाल यांनी १८९० साली वर्णिले व त्यास रासायनिक द्रव्ये वाट दाखवीत असावीत, असे अनुमान केले. त्यांचे शिष्य तेयो यांनी १९११ साली सशाच्या मेंदूत पायाच्या मज्जातंतूचा तुकडा बसविला, तेव्हा मेंदूतील तंतू त्यात शिरले. म्हणजे वाढीची शक्ती होती. उणीव परिसरात होती. म्हणूनच १९१३-१४ च्या ग्रंथात प्रौढ मेंदूतील मार्ग कायमचे ठरलेले असतात, असे नमूद करूनही तो निर्णय फिरविण्याचे कार्य त्यांनी भावी विज्ञानावर सोपविले. १९३४ साली त्यांचे निधन झाले.

पुढे १९५० च्या दशकात लेव्ही-मोंताल्चिनी व कोहेन यांनी मज्जातंतू वाढविणारे प्रथिन शोधले. १९७५ साली कोलर व मिल्स्टाइन यांनी एकाच पेशीच्या वंशातून निपजणारी, नेमक्या एकाच लक्ष्यास चिकटणारी मोनोक्लोनल प्रतिपिंडे सिद्ध केली. झुरिचच्या श्वाब यांनी अशाच प्रतिपिंडाने, तंतूंच्या मायलिन आवरणातील वाढ रोखणारी प्रथिने निष्प्रभ केली. १९९० साली उंदरांच्या छेदलेल्या मज्जारज्जूत काही तंतू पुन्हा वाढले. माणसाच्या बाबतीत हा उपचार अद्याप सिद्ध झालेला नाही. तथापि अडथळा परिसरात आहे, हे अनुमान खरे ठरले.

पाठ्यपुस्तकातील विधान म्हणजे शेवटचा शब्द, असे मानण्याची सवय जेथे रुजली आहे, तेथे काहाल यांच्या निष्कर्षाइतकीच त्यांनी त्यास घातलेली मर्यादाही शिकविली गेली पाहिजे.